खराटा वर म्हणजे रस्ता साफ

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि खराटा अजून माझ्या हातात होता. बायपासच्या वाकणावरून बीडच्या दवाखान्यापर्यंत तो माझ्याबरोबर पिकअपमध्ये आला होता. मी तो का सोडला नाही, मला माहीत नाही. प्रियाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एक हात तिच्या मानेखाली आणि दुसऱ्या हातात खराटा.

डॉक्टर तरुण होते. "तुम्ही नवरा का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "इथं आणायच्या आधीच गेल्यात त्या," ते म्हणाले. मग त्यांनी खराट्याकडे पाहिलं. नर्सबाई म्हणाल्या, "दादा, तेवढं बाहेर ठेवा." मी बाहेर गेलो, खराटा भिंतीला टेकवून ठेवला. पडू नये म्हणून नीट ठेवला. मग पुन्हा आत आलो आणि आत येऊन काय करायचं ते मला कळेना.

पिकअप आबासाहेब मामांची होती. चालवली त्यांनीच. मामा म्हणजे प्रियाच्या आईचे चुलतभाऊ, वय पासष्ट. ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. एका पायात चप्पल होती, दुसरी वाकणावरच राहिली होती.

दुपारी पोस्टमार्टेमची वाट बघत बसलो असताना आमच्या ठाण्याचे हवालदार आप्पाराव आले. कागद मांडीवर घेऊन बसले.

"काय झालं?"

"गाडी घसरली."

"कशावरून?"

"रस्त्यावर सोयाबीन होतं."

"कोणाचं?"

मी मामांकडे पाहिलं. मामा उठून उभे राहिले.

"माझं. माझंच व्हतं, साहेब."

"रस्त्यावर कावून टाकता ओ? केस पिकले तरी अक्कल न्हाई आली का?"

"वाळवायला टाकलतं."

आप्पाराव माझ्याकडे वळले. "आन तुमी? बाईला गाडीवर सोडायच्या आधी रस्ता झाडला न्हाई का?"

"आम्ही रोज झाडतो," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली. त्या जबाबात खोटं असं एकही वाक्य नाही. मी त्याची नक्कल आणून पुष्कळदा वाचली आहे. पण ते वाकण त्या दिवशी झाडायचं मी मामांना कबूल केलं होतं, हे त्यात नाही. मामांनीही ते सांगितलं नाही. ते माझ्याकडे बघत उभे होते आणि सांगितलं नाही.

आता मामांवर हलगर्जीपणाचा गुन्हा आहे. ते केजच्या कोर्टात तारखेला जातात.

*

माझं नाव जीवन. नांदूरघाटच्या रस्त्याला माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नानंतर मी प्रियाच्या गावीच राहिलो, कारण तिची आई, विजयमालाबाई, एकटी होती. प्रियाचं पूर्ण नाव प्रियदर्शनी. दुकानाचे पार्ट बीडहून आणायला तीच जायची. एसटीनं गेलं की दिवस मोडायचा. ती गाडीवर जायची आणि चहाच्या वेळेला परत. मी म्हणायचो, "एवढ्या जोरात कावून येती?" ती म्हणायची, "जोरात न्हाई ओ, वाकणं नीट घेते. लोक वाकणावर ब्रेक मारून बसतात."

ते खरं होतं. मी गाड्या खोलतो, पण चालवता तिला येत होतं.

तीन वर्षांपूर्वी तिनं मोबाइलवर बायकांच्या शर्यती पाहिल्या आणि मागे लागली. पुण्याकडच्या एका संघाच्या शिबिरात तिला घेतलं. तिथले अभिमन्यू सर तिला शिकवायचे. त्यांनीच मागच्या वर्षी तिला दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर दोन दिवसांच्या सरावाला नेलं. मी बरोबर गेलो होतो, गाडी खोलायला-बांधायला.

तिथं मी पहिल्यांदा पाहिलं की सराव म्हणजे काय. मला वाटायचं, शर्यतीत जीव जातो, सरावात नाही. तिथं उलट होतं. शर्यतीत पुढे कोण, मागे कोण ते दिसतं. सरावात फक्त घड्याळ असतं. वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात चांगली वेळ लागली नाही तर पुढे जायलाच मिळत नाही. त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्या पोरी जीव टाकून चालवतात. दोघी पडल्या. एकीचं मनगट गेलं.

प्रियाला त्या ट्रॅकवर सगळ्यात आवडला तो वाकणावरचा झेंडेवाला. पांढरे कपडे घातलेला म्हातारा माणूस, उन्हात उभा. रस्ता निसरडा असला की पिवळा-लाल पट्ट्यांचा झेंडा दाखवायचा.

"त्याला कुणी उलटं विचारत न्हाई," ती परत येताना म्हणाली. "एवढ्या मोठ्या गाड्या, एवढ्या शिकलेल्या पोरी, आन त्या म्हाताऱ्यानं झेंडा केला की सगळ्या हात आवरतात. वाकणाच्या पुढचं आपल्याला दिसतच न्हाई ना. तेला दिसतं."

"मग आपल्या बायपासला झेंडेवाला कोण?"

"तुमी. अन् कोण?"

घरी आल्यावर तिनं जुन्या पिवळ्या साडीला लाल ब्लाऊजपीसच्या पट्ट्या शिवल्या आणि झेंडा केला. तो मी कमरेला खोचायचो. निसरडं असलं की झेंडा. साफ असलं की खराटा सरळ वर धरायचा, कारण हातात तोच असायचा. खराटा वर म्हणजे रस्ता साफ. आई हसायच्या. "माझ्या लेकीनं नवऱ्याला झाडूवाला केलं," म्हणायच्या. आणि रोज आम्ही परत आलो की पहिला प्रश्न तोच. "झाडलंतं का नीट?"

"झाडलंतं, आई."

*

बायपास अजून सुरू झाला नव्हता. डांबर झालं होतं, पट्टे मारायचे राहिले होते. दोन्ही टोकांना मुरमाचे ढीग होते, त्यांच्या बाजूनं मोटारसायकल जायची, मोठी गाडी नाही. मामांची पिकअप तेवढी शेतातून वाकणापर्यंत यायची. मधे अडीच किलोमीटर कोरा रस्ता आणि दोन वाकणं. दुसरं वाकण अवघड. तिथं बाहेरच्या बाजूला मोरी आहे, सिमेंटचा कठडा. मी कठड्याच्या अलीकडे कडब्याच्या पेंढ्या आणि दुकानातले जुने टायर रचून ठेवले होते.

तो रस्ता फक्त आमचा नव्हता. आमच्याकडे नवं डांबर झालं की लोक त्यावर माल वाळत घालतात. तूर, मूग, सोयाबीन. खाली माती नाही, डांबर तापतं, माल दोन दिवसांत कडक होतो. दुसऱ्या वाकणावर ऊन सगळ्यात आधी येतं म्हणून मामांचं सोयाबीन तिथंच असायचं. मामांशी आमचं ठरलं होतं. संध्याकाळी ते माल गोळा करून ताडपत्रीखाली झाकायचे. सकाळी साडेसहाच्या आत मी उरलेले दाणे झाडायचो. आठ वाजता आम्ही रस्ता सोडायचो आणि मामा माल पसरायचे. दोन हंगाम हे नीट चाललं. कुणाची तक्रार नव्हती.

सोयाबीनचा दाणा डांबरावर कसा असतो ते सांगतो. गोल असतो आणि कडक असतो. बेअरिंगमधली गोळी सुटून पडावी तसा. चालत गेलं तरी पाय सरकतो.

आम्ही पूर्ण रस्ता झाडत नव्हतो. ती गाडी जिथून नेते तेवढाच पट्टा झाडायचो, दोन-अडीच हात रुंद. ती रोज त्याच पट्ट्यातून जायची, एक वीत इकडे-तिकडे नाही. त्यामुळे बाकीचा रस्ता मनातून गेला होता. तिच्या आणि माझ्याही.

*

त्या आठवड्यात अभिमन्यू सरांचा फोन आला. संघात एक जागा होती. दोन पोरी उरल्या होत्या, एक कोल्हापूरकडची आणि प्रिया. सर म्हणाले, "रस्त्यावरच्या वेळेला अर्थ नसतो, पण हेल्मेटच्या कॅमेऱ्यातून एक व्हिडिओ पाठवा. ॲक्सिलरेटरवर हात किती खुलतोय ते संघाच्या मालकांना दाखवतो." मग म्हणाले, "जाऊन-येऊन दोन मिनिटं चाळीसच्या आत दिसलं तर मला बोलायला बरं पडेल. बघा, जमलं तर."

त्यांनी जोर केला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर ते म्हणाले की आम्ही रस्त्यावर चालवायला सांगितलंच नव्हतं, आणि गावात लोक त्यांना शिव्या देतात. जोर आम्हीच केला. प्रियाला सत्तावीस पूर्ण होत होती. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मला कोण घेतं? अठरा-अठरा वर्षांच्या पोरी यायल्यात." तिची सगळ्यात चांगली वेळ दोन त्रेचाळीस होती.

आदल्या संध्याकाळी मामा दुकानावर आले.

"जावई, उद्या वाकणावर माल जरा विस्कटलेला ऱ्हाईल. तुज्या मामीला ताप हाय. आज मला एकट्याला सगळा गोळा व्हयना. कडंचा तसाच पडलाय."

"राहू द्या, मामा. मी झाडतो."

"नक्की का? न्हाई तर मी पाटं येतो."

"तुमी मामीकडं बघा. मी सगळं झाडतो."

"बग बरं. पोरगी गाडीवर अस्ती."

"झाडतो म्हणलं ना, मामा."

एवढंच बोलणं झालं. तिथं आम्ही दोघंच होतो.

*

सकाळी दव होतं. डांबर ओलं होतं आणि दाणे चिकटून बसले होते. खराट्यानं हलत नव्हते, प्रत्येक ठिकाणी दोनदा-तीनदा ओढावं लागत होतं. मी तिचा पट्टा झाडला. तेवढ्याला वीस मिनिटं गेली. कडेचा माल तसाच होता. म्हटलं, तिथून ती जातच नाही.

पहिल्या फेरीत दोन त्रेचाळीस. दुसऱ्या फेरीत दोन एकेचाळीस. ती माझ्याजवळ येऊन थांबली, काच वर केली. तोंड लाल झालं होतं.

"हे वाकण मी आतून घेते ना, तिथं गाडी मरती. बाहेरून आत आले तर दोन सेकंद सुटतील."

"मग घे बाहेरून."

"बाहेरचं झाडलंय का?"

"झाडतो. तू टोकाला जाऊन ये, तोवर होतं."

"ओ, नीट झाडा बरं. मी बघणार न्हाई, डोळे झाकून येणार." ती हसली. "आठ वाजायलेत. ह्याच फेरीत होतंय."

ती गेली. मी बाहेरची बाजू झाडायला लागलो. अर्धी झाली असेल तेवढ्यात फोन वाजला. अभिमन्यू सर. मी उचलला. उचलायला नको होता. सर म्हणाले, कोल्हापूरच्या पोरीचा व्हिडिओ रात्रीच आलाय, चांगला आहे, मालक नऊ वाजता बसणार आहेत, तुमचं काय? मी सांगत राहिलो की आता होतंय, शेवटची फेरी चाललीय, दोन एकेचाळीस आलंय, आता चाळीसच्या आत येतंय. मी खुशीत बोलत होतो. खराटा काखेत होता.

मग गाडीचा आवाज आला. पहिलं वाकण सोडून ती सरळ रस्त्यावर आली होती.

मी खाली पाहिलं. बाहेरच्या बाजूला दोन हातभर जागा राहिली होती. दाणे तिथं दाट होते, उन्हात चमकत होते. झेंडा माझ्या कमरेला होता. तो काढायला एक क्षण लागतो. मी रोज काढून बघायचो.

मी काय विचार केला ते मला आठवतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी विचार केला की झेंडा दाखवला तर ती हात आवरेल आणि फेरी वाया जाईल. पुन्हा टोकाला जाऊन यायचं, पुन्हा वेळ, नऊ वाजतील. मी विचार केला की ती एवढ्या बाहेरून येणार नाही, हातभर आतूनच येईल. आणि मी विचार केला की दोन हातांचंच तर आहे.

मी खराटा वर केला.

तिनं तो पाहिला. तिनं डोकं एवढंसं हलवलं, ती नेहमी हलवायची तसं. आणि ती बाहेर गेली, अगदी कडेला, जितकं जाता येईल तितकं. कारण मी सांगितलं होतं की रस्ता साफ आहे.

पुढचं चाक आधी गेलं. गाडी पेंढ्यांवर गेली. ती गेली नाही. ती पेंढ्यांच्या चार हात पुढे, कठड्यावर गेली.

*

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मंडप होता. भन्तेजी आले होते, वंदना झाली, त्रिशरण झालं. बायका रडत होत्या. फोटोत प्रियानं सरावाचा चामड्याचा सूट घातला होता. तोच फोटो लावायचं आईंनी ठरवलं होतं, मी साडीतला काढून ठेवला होता.

मामा आणि सिंधुबाई मामी आले. मामांच्या हातात फुलांचा हार होता. ते मंडपाच्या दांडीपाशी थांबले. आई उठल्या. पंचवीस बायकांमधून वाट काढत गेल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"आबा, पुढं येऊ नको."

"ताई, हार तेवढा..."

"तुज्या चार पोत्यांपायी माजी लेक गेली. हार तुज्या घरी घाल."

मामा खाली बघत होते. सिंधुबाई मामी माझ्याकडे बघत होत्या. मी पाण्याचा जग हातात धरून उभा होतो. मी एक शब्द बोललो असतो तर त्या मंडपात आणखी एक घर मोडलं असतं, असं मला वाटलं. खरं तर मला माझंच वाटलं. मामांनी हार दांडीला अडकवला आणि ते गेले. थोड्या वेळानं कुणीतरी तो काढून टाकला.

आई आणि मामा लहानपणापासून एका ताटात जेवलेले. आमच्या लग्नात मामांनी मंडप स्वतः घातला होता. आता आई त्यांच्या गल्लीतून जात नाहीत, पाण्याला लांबच्या बाजूनं जातात. आणि घरी आल्या की माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी मोडून वाढतात. "खा रं बाबा. तू तरी खा. तू नीट झाडायचास, तुजा काय दोष?"

त्या असं म्हणतात आणि मी खातो.

*

सिंधुबाई मामी दुकानावर आल्या. मी कार्बोरेटर साफ करत होतो. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्याच.

"जावई, तेनी मला सांगितलं न्हाई. पर त्या दिवशी सांजच्याला तुमच्याकडून आले तवा म्हणले, जावई झाडतो म्हणलाय, उद्या पाटं जायचं काम न्हाई. मी तापात व्हते, पर कान उघडे व्हते."

मी कार्बोरेटर खाली ठेवला.

"झाडलं न्हाई ना तुमी?"

"अर्धं झाडलं."

"मग बोला की. तेचं वय हाय का कोर्टात उभं ऱ्हायाचं? परवा गेलते तर वकील म्हणला, म्हाताऱ्या, कबूल कर, कमीत सुटशील. आन ह्ये कबूल करायला निघालेत. पासष्ट वर्सात कुणाच्या बांधाला पाय लावला न्हाई तेनी."

"मी जातो ठाण्यात, मामी."

"कवा?"

"उद्या."

त्या गेल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरगी माजी बी व्हती. तिला मी काष्टा नेसायला शिकवलतं. मला भांडायचं न्हाई तुमच्याशी. पर तेला वाचवा."

त्याच दिवशी मी मामांच्या शेतात गेलो. ते मोकळ्या पोत्यांच्या घड्या घालत होते. सोयाबीन त्यांनी विकलंच नाही, जनावरांना घातलं, हे मला तिथं कळलं.

"मामा, मी जबाब बदलतो."

"कावून?"

"मी झाडतो म्हणालो होतो."

"म्हणालतास. मला म्हाईत हाय."

"मग तुमी बोलला का न्हाईत?"

त्यांनी पोतं झटकलं. "तवा तुज्या हाताला तिचं रगत व्हतं. त्यात काय बोलायचं?" मग म्हणाले, "आन आता बोललो तर ताईचं काय? लेक गेली. भाऊ गेला. तू बी गेला तर ती कुणाच्या दारात बसंल? मला एक-दोन वर्सं कोर्टात जावं लागंल. जाईन. एसटीला अर्धंच तिकीट हाय म्हाताऱ्यांना."

ते हसले. खरंच हसले. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्याच वेळी पळून जावंसं वाटलं. मी दुसरं केलं.

*

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. मामींना सांगितलं होतं म्हणून गेलो. आप्पाराव टेबलावर डबा खात होते. मेथीची भाजी आणि भाकरी.

"या जीवनराव. बसा. काय, तारखेचं का?"

"साहेब आहेत का?"

"साहेब बंदोबस्ताला गेलेत. बुधवारी येतील. काय काम काढलं?"

मी बसलो. कागद माझ्या खिशात होता. घरून लिहून आणला होता, एका बाजूला, नीट अक्षरात. त्यात चार ओळी होत्या.

"त्या सोयाबीनचं..." मी म्हणालो.

"हां. त्या म्हाताऱ्याचं काय? त्रास देतोय का तुमाला? सांगा, समज देऊ."

"नाही. त्रास नाही देत."

"मग?"

आप्पाराव भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा वाईट नव्हता. त्यांना माझी कीव वाटत होती. गावातल्या सगळ्यांना वाटते. दुकानावर लोक दुप्पट वेळ थांबतात, चहा पाजतात, माझ्या खांद्यावर हात ठेवतात. आणि घरी आई भाकरी मोडून वाढतात. तो कागद टेबलावर ठेवला असता तर हे सगळं त्या डब्याजवळ संपलं असतं.

"पाणी मिळंल का?" मी म्हणालो.

"पाणी प्यायला ठाण्यात आलात व्हय?" ते हसले. "त्या माठात हाय. प्या."

मी पाणी प्यायलो आणि घरी आलो.

नंतरच्या बुधवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी गेलो तर साहेब होते, पण त्यांच्यासमोर माणसं बसलेली होती. मी व्हरांड्यात थांबलो, मग निघालो. माणसं उठेपर्यंत थांबता आलं असतं.

मागच्या महिन्यात बायपास सुरू झाला. आता त्यावरून ट्रक जातात. कठड्याला पिवळा रंग दिलाय. तिथून जाताना मी गाडी हळू करतो आणि बाहेरच्या कडेला बघतो. दाणे नाहीत. माझ्या हातात खराटा नसतो, तरी माझा उजवा हात वर जायला लागतो. मी तो हँडलवर घट्ट दाबून धरतो.

झेंडा घरी आहे. आईंनी धुऊन, घडी घालून प्रियाच्या कपड्यांत ठेवलाय. त्यांना वाटतं, तो त्या दिवशी लागलाच नाही.

परवा जेवताना आई म्हणाल्या, "अठ्ठावीसला आबाची तारीख हाय म्हणं. मी येणार हाय कोर्टात. तेला शिक्षा व्हताना बघायचंय मला." मी ताटाकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, "तू बी चल. तू तर साक्षीदार हायस."

मी हो म्हणालो.

आज पंचवीस तारीख आहे. चार ओळींचा तो कागद अजून माझ्या खिशात आहे. मी तो ठाण्यात दिलेला नाही, आणि आईंना वाचून दाखवलेला नाही.